मोटारसायकलच्या पेट्या आणि मागचा तांबडा दिवा

पहाटेची वेळ आहे. रस्त्यावर अजून काळोख आहे. दूध घालणारा गवळी मोटारसायकलवरून शहराकडे चालला आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन आणि मागे कॅरिअरवर पत्र्याची मोठी पेटी आहे. त्याच्या मागून ताशी ६० किलोमीटर वेगाने एक मालमोटार येत आहे. समजा, गवळी काही कारणाने एकदम थांबला. मालमोटारीच्या चालकाला तो किती अंतरावरून दिसला पाहिजे?

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. तेवढ्यात मालमोटार १६.७ मीटर पुढे येते. त्यानंतर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी झाला, तर थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर, आणि तेही रस्ता कोरडा असेल तर! म्हणजे गवळ्याचा जीव मागच्या एका लहानशा तांबड्या दिव्यावर अवलंबून आहे. आणि नेमका तोच दिवा पेटीआड गेलेला असू शकतो.

मोटारसायकलला पेट्या कशा बसवाव्यात आणि बसवल्यावर मागचा दिवा नीट दिसावा म्हणून काय करावे, हे आपण या लेखात पाहू. यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या शालेय पुस्तकातलेच आहे.

वजन कोठे टाकावे?

मोटारसायकल ही दोन टेकूंवर ठेवलेली एक तुळई आहे असे समजा. दोन चाके हे ते टेकू. दोन आसांमधील अंतर १३० सेंटिमीटर धरू. आता १२ किलोग्रॅमची पेटी मागच्या आसाच्याही ३० सेंटिमीटर मागे बसवली. परिबल म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या आसाभोवती परिबले मांडली तर पुढच्या चाकावरचा भार १२ × ३० ÷ १३०, म्हणजे सुमारे २.८ किलोग्रॅमने कमी होतो. मागच्या चाकावरचा भार मात्र १२ नव्हे, तर १४.८ किलोग्रॅमने वाढतो. सी-सॉवर एका टोकाला बसले की दुसरे टोक वर उचलले जाते, त्यातलाच हा प्रकार.

पुढचे चाक गाडीला दिशा देते आणि जोराने ब्रेक लावताना थांबवण्याचे बरेचसे कामही तेच करते. ते हलके झाले की हँडल सैल वाटू लागते. म्हणून जड सामान शक्य तितके पुढे, आसनाजवळ आणि खाली ठेवावे. हीच १२ किलोग्रॅमची पेटी मागच्या आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आणली, तर पुढच्या चाकावरचा भार घटण्याऐवजी सुमारे ०.९ किलोग्रॅमने वाढतो.

दुसरी गोष्ट अंतराच्या वर्गाची. एखादी वस्तू फिरवण्यास होणारा विरोध वजनाबरोबरच त्या वजनाच्या अंतरावरही अवलंबून असतो. तेच वजन दुप्पट दूर नेले की विरोध चौपट होतो. गाडीच्या मध्यापासून फार मागे टांगलेली पेटी एकदा डुलू लागली, की ती सहजासहजी थांबत नाही. मागे उंचावरची पेटी हलक्या वस्तूंसाठी आणि बाजूच्या पेट्या जड वस्तूंसाठी, हा नियम यातूनच निघतो.

तिसरी गोष्ट समतोलाची. एकाच बाजूला, मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटरवर ८ किलोग्रॅमची पेटी लावली, तर ६५ किलोग्रॅमच्या चालकाला विरुद्ध बाजूला सुमारे ४.३ सेंटिमीटर सरकून बसावे लागेल (८ × ३५ ÷ ६५). तासभर असे वाकडे बसून पाहा, म्हणजे पेट्या जोडीनेच का लावाव्यात ते पाठच सांगेल!

चौकोन डगमगतो, त्रिकोण नाही

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. तो सहज कलंडतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे पाचव्या पट्टीने जोडा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो ताठ उभा राहिला. पेटीच्या सांगाड्यालाही अशी तिरपी पट्टी हवी. शिवाय डाव्या आणि उजव्या सांगाड्याला जोडणारी एक आडवी पट्टी मागून घेतली, तर दोन्ही पेट्या एकमेकींना आधार देतात.

हा सांगाडा गाडीच्या मूळ चौकटीला बोल्टांनी जोडावा. चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागांना तो कधीही जोडू नये. खड्ड्यातून जाताना चाक वर येते, तेव्हा ते पेटीला घासणार नाही एवढी जागा सोडावी. डाव्या बाजूचे साडी गार्ड हे पदर चाकात अडकू नये म्हणून असते. पेटीचा भार पेलण्यासाठी ते केलेले नाही. सायलेन्सर ज्या बाजूला असेल त्या बाजूची पेटी त्यापासून पुरेशी दूर हवी, नाहीतर आतले सामान तापेल. एंजिनाच्या सततच्या कंपनाने साधे नट हळूहळू सैल होतात. म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले, घट्ट पकडणारे नट वापरावेत आणि पहिल्या काही दिवसांनंतर ते पुन्हा आवळावेत.

दिवा कोठे हरवतो?

आता मागे येऊन उभे राहू. समजा, बाजूच्या पेट्या मागच्या दिव्याच्या २५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे आपल्या दिशेला, आलेल्या आहेत. आणि त्यांच्या आतल्या भिंती मध्यरेषेपासून २० सेंटिमीटरवर आहेत. मग सरळ मागून दिवा दिसेल, पण बाजूला सरकत गेलो की सुमारे ३९ अंशांच्या पलीकडे तो पेटीआड जाईल. चौकात तिरप्या दिशेने येणाऱ्याला तो दिसणारच नाही.

इंडिकेटरची स्थिती याहून वाईट. ते मध्यरेषेपासून साधारण २५ सेंटिमीटरवर असले आणि पेटीची बाहेरची भिंत ४५ सेंटिमीटरवर असली, तर सरळ मागूनही ते पेटीमागे पूर्ण झाकले जातात. चालक बिचारा वळण्याची खूण मनोभावे करीत असतो आणि मागच्याला त्यातले काहीच कळत नाही. म्हणून अशा वेळी इंडिकेटर पेटीच्या मागच्या बाजूला किंवा सांगाड्याच्या टोकाला हलवावे लागतात. नंबरप्लेटही झाकली जात नाही ना, हे त्याच वेळी पाहावे.

आलेल्या वाटेने परत

कॅरम खेळताना स्ट्रायकर कोपऱ्याजवळच्या दोन कडांवर लागोपाठ आपटला, तर तो आलेल्या दिशेला समांतर असा परत येतो, हे तुम्ही पाहिले असेल. कोन कोणताही असो, परतीची दिशा तीच. दोन कडांऐवजी एकमेकांना काटकोनात असलेले तीन आरसे घेतले, तर प्रकाशाचा किरणही तसाच वागतो. गाडीच्या मागच्या तांबड्या परावर्तकात प्लास्टिकचे असे शेकडो बारीक कोपरे असतात. त्यांत पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन मागच्या गाडीचा प्रकाश तिच्याकडेच परत जातो. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वावरचा आहे. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तो परत पाठवतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजता येते.

परावर्तकाला वीज लागत नाही, बल्ब उडण्याची भीती नाही. पण त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. समोरून प्रकाश आला तरच तो चमकतो. परतीचा प्रकाश दिव्याच्या आसपासच जातो, म्हणून उंच बसलेल्या मालमोटारीच्या चालकाला तो मोटारीच्या चालकापेक्षा फिका दिसतो. आणि चिखलाचा थर बसला की तो असून नसल्यासारखाच.

दोन्ही पेट्यांच्या मागे एकेक तांबडा परावर्तक लावण्याचा आणखी एक फायदा आहे. एकटा ठिपका किती दूर आहे हे डोळ्यांना कळत नाही. ६० सेंटिमीटर अंतरावरचे दोन ठिपके मात्र ६० मीटरवरून सुमारे ०.६ अंशाचा कोन करतात आणि ३० मीटरवरून त्याच्या दुप्पट. ठिपके एकमेकांपासून दूर सरकताना दिसले, की आपण जवळ येत आहोत हे मागच्याला उमजते. परंतु नुसते दोनच ठिपके असले तर दूरवरच्या मोटारीचा भास होण्याचा धोका असतो. म्हणून मधला मूळ दिवा कायम हवाच.

प्रखर म्हणजे चांगला नव्हे

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या साध्या बल्बमध्ये दोन तंतू असतात. एक ५ वॅटचा, सतत जळणारा. दुसरा २१ वॅटचा, ब्रेक लावल्यावर पेटणारा. मागच्या चालकाला थांबण्याची सूचना मिळते ती या दोन तेजांमधल्या फरकामुळे. हौसेने सततचा दिवाच फार प्रखर केला, तर ब्रेकची खूण त्यात बुडून जाते. लुकलुकणारे तांबडे दिवे किंवा मागे पांढरा प्रकाश हेही घोटाळ्याचे. मागे तांबडा, पुढे पांढरा आणि वळणाला पिवळसर, ही रस्त्याची भाषा आहे. ती बदलू नये.

पुष्कळदा नवा दिवा लागतच नाही. जुनाच साफ करावा लागतो. गंजलेल्या जोडांमुळे बल्बला १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे १० टक्के घट झाली, तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. अर्थिंगचा बोल्ट घासून स्वच्छ केला तरी फरक दिसतो.

जादा दिवा लावायचाच तर एलईडी बरा. तंतूला तापून पूर्ण तेजाने पेटण्यास जवळजवळ ०.२ सेकंद लागतो, एलईडी तत्काळ पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला ०.२ सेकंद म्हणजे ३.३ मीटर! शिवाय वीजही कमी लागते. प्रत्येकी २ व्होल्टचे तीन तांबडे एलईडी एकसरीत जोडले तर ६ व्होल्ट झाले. बॅटरी चार्ज होताना सुमारे १४ व्होल्ट असतात, म्हणून उरलेले ८ व्होल्ट रोधावर पडले पाहिजेत. ४७० ओहमचा रोध घेतला तर ओहमच्या नियमाप्रमाणे धारा ८ ÷ ४७०, म्हणजे १७ मिलिअँपिअर. अशा दोन सरींना मिळून अर्धा वॅटही लागत नाही. हा दिवा केवळ खुणेपुरता. तो मूळ दिव्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या जोडणीत फ्यूज जरूर घालावा.

करून पाहा

संध्याकाळी अंगणात गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. मागच्या दिव्याखाली एक खूण करून तेथून ५ मीटर दोरीने जमिनीवर अर्धवर्तुळ आखा आणि दर १० अंशांवर खुणा करा. मोठ्या माणसाला दिवा, ब्रेक आणि इंडिकेटर लावण्यास सांगा. प्रत्येक खुणेवरून काय दिसते आणि काय दिसत नाही ते वहीत मांडा. एकदा उभे राहून पाहा, एकदा स्टुलावर चढून. मग टॉर्च डोळ्याशेजारी धरून परावर्तकावर रोखा आणि नंतर तोच टॉर्च हात लांब करून धरा. तेज किती घटले?

घरात किंवा शेजारी कोणी पेट्या लावलेली मोटारसायकल वापरीत असेल, तर ही वही त्यांना दाखवा. आपली गाडी पाठीमागून कशी दिसते, हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नसते.