शाळा सुटल्यानंतरची दहा मिनिटे

शाळा सुटल्याची घंटा झाली की फाटकासमोर पुढची दहा मिनिटे काय चालते, हे धसईच्या परिसरात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. धसई हे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांवरून मुले पायी येतात, काही एसटीने, काही टमटमने. अलीकडे बरीच मुले वडिलांच्या नाहीतर चाचांच्या मोटारसायकलवर येतात. घंटेच्या वेळी या गाड्या फाटकाला खेटून उभ्या असतात. मागे टमटम, तिच्या बाजूने वाट काढणारा खडीचा डंपर, आणि या सगळ्यांच्या फटीतून पहिली-दुसरीचे मूल रस्त्यावर येते. डंपरवाल्याला ते दिसत नाही आणि त्याला डंपर दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचा चौथीतला एक विद्यार्थी असाच उभ्या टमटमच्या आडून छत्री सावरत पळाला. समोरून येणाऱ्याने ब्रेक दाबला, मोटारसायकल घसरली. मुलाचा गुडघा फुटला, दप्तराचा पट्टा तुटला. अल्लाहने वाचवले. आम्ही धावलो ते कोणावर तरी ओरडायच्या तयारीनेच. पण चिखलातून उठणारा माणूस आमच्याच एका विद्यार्थिनीचा अब्बा निघाला. लेकीला न्यायला उशीर झाला म्हणून वेगात आला होता.

तोवर आमचा समज होता की धोका बाहेरच्या ट्रकवाल्यांचा आहे.

त्या संध्याकाळी आम्ही शिक्षक बसलो, तेव्हा स्वतःचीही एक चूक सापडली. ‘रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला’ हे आम्ही वर्षानुवर्षे घोकून घेतले होते. डावी बाजू वाहनांसाठी आहे. जिथे पदपथ नाही तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे, म्हणजे जवळच्या बाजूने येणारे वाहन त्याच्या समोरून येते, पाठीमागून नाही. आमच्या खेड्यांतल्या रस्त्यांना पदपथ असतो कुठे? डांबर संपले की साइडपट्टी, ती पावसात चिखलाची, आणि तिच्यापलीकडे भातखाचर. अशा रस्त्यावर आम्ही मुलांना वाहनांकडे पाठ करून चालायला शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी मैदानात रस्ता आखून पाचवीच्या मुलांना चालवून दाखवले. त्यांना पाच मिनिटांत पटले. आम्हाला इतकी वर्षे लागली.

मुलांना ‘बघून चाल’ म्हणणे सोपे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला येणारी गाडी किती दूर आहे हे दिसते, पण ती किती वेगाने जवळ येते आहे याचा अंदाज नीट येत नाही. तो अंदाज वयानेच येतो, रागावून येत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो मोठ्यांनीच. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 8 मीटर जाते, 60 ने जाणारी जवळजवळ 17 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. रस्ता ओला असेल तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे.

घरातल्या माणसांनी एक कायदा तरी लक्षात ठेवावा. ‘फक्त दुकानापर्यंत’ म्हणून नववीतल्या मुलाच्या हाती गाडीची चावी दिली आणि त्याच्या हातून अपघात घडला, तर मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मागे बसणाऱ्या चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट बंधनकारक आहे. ‘गावात कोण पकडतो?’ हे उत्तर आम्हाला नेहमी ऐकायला मिळते. पकडणाऱ्याचा प्रश्नच नाही, डोके आपल्या मुलाचे आहे.

आणि आपल्याला तर हे कायद्याच्या आधी शिकवले गेले आहे. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, ही हदीस आपली मुले मकतबमध्ये लहानपणीच पाठ करतात. रस्त्याचाही हक्क असतो, आणि कोणाला त्रास न देणे हा त्यातलाच एक, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना समजावले. आपण काटा आणि दगड उचलतो. पण जुम्याच्या वेळी जमात चुकेल या घाईत मस्जिदीसमोर आडवी लावलेली आपली गाडी, हीही तीच त्रासदायक वस्तू असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळेसमोरचा रस्ता महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेने मिळून सुरक्षित करून पाहिला. आधी रंग आणि तात्पुरते अडथळे वापरून मुलांना थांबायला आणि रस्ता ओलांडायला जागा आखून दिली. आमच्याकडे तेवढा रंग नव्हता, पण मैदान आखायची फक्की होती. फाटकापासून वीस पावलांवर दोन्हीकडे रेघ ओढली आणि पालकांना सांगितले, गाडी रेघेच्या अलीकडे आणायची नाही. लहान वर्ग पाच मिनिटे आधी सोडतो. सातवी-आठवीची मुले त्यांना हात धरून पलीकडे नेतात, सोबत एक शिक्षक असतो. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार शालेय परिवहन समिती असतेच. तिच्या बैठकीत आता टमटमवाल्यांनाही बोलावतो. गतिरोधकासाठी अर्ज दिला आहे. तो अजून कुठल्या टेबलावर आहे, विचारत राहतो.

पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. ‘वीस पावले पोराला पावसात चालवायचे का?’ असे एका पालकाने विचारले. धसई 1 डिसेंबर 2016 ला रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकले होते. वडापाववाल्यापासून सगळ्यांना कार्ड घासायचे यंत्र शिकायला सांगितले गेले होते. वीस पावले त्याहून कठीण नसावीत, एवढेच आम्ही म्हणालो.

अजूनही दोन-तीन गाड्या रेघ ओलांडतात. आणि पाऊस पडला की फक्की धुऊन जाते. मग आठवीतल्या मुली पहिल्या तासाआधी डबा घेऊन जातात आणि पुन्हा आखतात.