प्रणयकथेचा कोलाहल आणि क्विलियूटांची फिर्याद

ज्या पुस्तकांविरुद्ध पालकांनी, धर्मसंस्थांनी अथवा शाळांच्या चालकांनी तक्रारी गुदरल्या आणि ती ग्रंथालयांच्या फळ्यांवरून काढून टाकावीत अशी मागणी केली, अशा पुस्तकांची एक यादी अमेरिकन ग्रंथालय संघ दरसाल प्रसिद्ध करीत असतो. आणि २००९ च्या यादीत पाचव्या, तर २०१० च्या यादीत दहाव्या स्थानी स्टेफनी मायर या लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीमालेची नोंद आहे. लैंगिक वर्णन, धार्मिक दृष्टिकोन, हिंसा आणि वाचकांच्या वयास अनुचित असा मजकूर, ही तक्रारींची कारणे होत. या मालेविषयी गेल्या दोन दशकांत जे वाद झाले त्यांतील बहुतेक याच चार-पाच आक्षेपांभोवती घोटाळत राहिले. परंतु ज्या फिर्यादीत नुकसान सोसणारा पक्षकार हाडामांसाचा होता, नावागावाचा होता, आणि आपली बाजू मांडण्यास समर्थही होता, ती फिर्याद या यादीत आढळत नाही. कारण पुस्तक काढून टाका अशी तिची मागणीच नव्हती.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकास असलेल्या, सदैव पावसाने भिजलेल्या फोर्क्स नावाच्या लहानशा गावी बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी पित्याकडे राहावयास येते आणि एडवर्ड कलन या सहाध्यायाच्या प्रेमात पडते. हा एडवर्ड दिसावयास सतरा वर्षांचा, परंतु वस्तुतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणोन्मुख असताना व्हॅम्पायर झालेला असा असून, त्याच्या कुटुंबाने मनुष्याचे रक्त वर्ज्य करून केवळ जनावरांच्या रक्तावर निर्वाह करण्याचे व्रत घेतलेले आहे. बेलाच्या प्रेमाचा दुसरा अभिलाषी जेकब ब्लॅक हा शेजारच्या ला पुश वस्तीतील क्विलियूट जमातीचा तरुण, आणि तो व त्याचे सोबती लांडग्याचे रूप धारण करू शकतात. २००५ ते २००८ या अवधीत चार कादंबऱ्या निघाल्या. चौथीच्या तेरा लाख प्रती अमेरिकेत पहिल्याच दिवशी खपल्या. मालेच्या एकंदर प्रती दहा कोटींच्या पलीकडे गेल्या आणि तिच्यावरील पाच चित्रपटांनी तीन अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. त्या लाटेचे पाणी आपल्या उंबरठ्यापर्यंतही आले होते: २०१० साली ‘स्टार वन’ वाहिनीवर सुरू झालेली ‘प्यार की ये एक कहानी’ ही मालिका याच कथेच्या छायेत उभी राहिली होती, आणि महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुलींनी ती आवडीने पाहिली.

धर्मसंस्थांच्या आक्षेपांवर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. व्हॅटिकनच्या संस्कृतिविषयक मंडळातील एका अधिकाऱ्याने २००९ साली दुसऱ्या चित्रपटात नैतिक पोकळी असल्याचे म्हटले. त्याच वर्षी, लेखिका स्वतः ज्या मॉर्मन पंथाची आहे त्या पंथाच्या मालकीच्या डेझरेट बुक या पुस्तकविक्रेत्या संस्थेने ही पुस्तके दुकानांत मांडणे बंद केले. विशेष हे की, याच वेळी दुसरीकडील टीकाकारांची तक्रार अगदी विरुद्ध दिशेची होती. विवाहापूर्वी शरीरसंबंध नको असा हट्ट एडवर्ड धरतो आणि तो चौथ्या पुस्तकापर्यंत पाळतो. त्या संयमालाच कामोद्दीपक रूप देऊन लेखिकेने तरुण मुलींच्या गळी धर्मोपदेश उतरविला, असे या टीकाकारांचे म्हणणे. एकाच ग्रंथावर अतिकामुकतेचा आणि अतिसंयमाचा असे दोन्ही आरोप एकाच वेळी होतात, तेव्हा ग्रंथापेक्षा आरोप करणाराच्या मनातील भयाची ओळख अधिक होते.

भाषेच्या दारिद्र्याचा आक्षेप खरा आहे. स्टीफन किंगसारख्या लोकप्रिय कादंबरीकारानेही मायर यांच्या लेखनशक्तीविषयी उघड प्रतिकूल अभिप्राय दिला होता, आणि ज्याने ही पुस्तके लक्षपूर्वक वाचली आहेत त्याला त्यांतील विशेषणांची रेलचेल व त्याच त्या सौंदर्यवर्णनांची पुनरुक्ती नाकारता यावयाची नाही. तथापि या टीकेच्या आश्रयाने आणखी एक गोष्ट बोलली गेली, आणि ती मला अन्यायाची वाटते. मुलांच्या आवडीच्या साहसकथांतील सामान्य गद्य ज्यांना कधी खुपले नाही, त्यांना मुलींच्या आवडीच्या या प्रणयकथेतील सामान्य गद्य मात्र असह्य झाले, आणि पुस्तकावरील टीका बघता बघता वाचणाऱ्या मुलींच्या बुद्धीच्या उपहासापर्यंत गेली. तरुण स्त्रीच्या मनातील अभिलाषा छापील अक्षरांत आली की प्रतिष्ठितांचा संताप अनावर होतो, याचा अनुभव मराठी समाजाने १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहाच्या वेळी घेतलेला आहे. दोन्ही कृतींच्या योग्यतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संतापाची जात मात्र एकच.

याहून गंभीर, आणि माझ्या मते बहुतांशी ग्राह्य, असा आक्षेप स्त्रीवादी समीक्षकांनी घेतला. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत शिरून तिला झोपेत न्याहाळीत बसतो. तिसऱ्या कादंबरीत ती जेकबला भेटावयास जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातील भाग काढून घेतो, आणि आपल्या अनुपस्थितीत तिच्यावर नजर ठेवण्याचे काम आपल्या बहिणीकडे सोपवितो. जेकब तिच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो, आणि तिने संतापाने ठोसा मारला असता तिचाच हात मोडतो. पतीच्या किंवा प्रियकराच्या जाचातून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी जे लोक काम करतात, त्यांना या तपशिलांची ओळख पटावयास वेळ लागत नाही: मैत्रिणींपासून तोडणे, येण्याजाण्यावर पहारा, आणि या सर्वांवर ‘तुझ्या काळजीपोटी’ हे पांघरूण. कादंबरीत दुष्ट प्रियकर असू नये असे कोणीच म्हणणार नाही. येथील अडचण अशी की, ही वागणूक कथेच्या न्यायासनासमोर कधीच उभी राहत नाही. तीच प्रेमाची परमावधी म्हणून सादर होते आणि विवाहाने व अमरत्वाने पुरस्कृतही होते.

मायर यांनी या टीकेला उत्तर दिले. बेलाचे निर्णय तिचे स्वतःचे आहेत, आणि स्त्रीला निवडीचा अधिकार असणे हाच स्त्रीवाद, अशी त्यांची भूमिका. आणि २०१५ साली पहिल्या पुस्तकास दहा वर्षे झाली तेव्हा त्यांनी नायक-नायिकांची लिंगे पालटून तीच कथा ‘लाइफ अँड डेथ’ या नावाने पुन्हा लिहिली, जेणेकरून संकटात सापडणारा जीव स्त्री म्हणून नव्हे, तर दुर्बळ मानव म्हणून संकटात सापडतो हे सिद्ध व्हावे. हा प्रयत्न प्रामाणिक होता असे मी मानतो. परंतु त्याने आक्षेपाचे निरसन झाले नाही. पहारा ठेवणारा पुरुष असो वा स्त्री, पहाऱ्याचे प्रेमात रूपांतर केवळ लिंगबदलाने होत नाही.

आता त्या दुर्लक्षित फिर्यादीकडे वळतो. कथेसाठी स्थळ हवे म्हणून मायर यांनी अमेरिकेतील सर्वाधिक पावसाची ठिकाणे शोधली, त्यांत त्यांना फोर्क्स सापडले, आणि फोर्क्सच्या शेजारी ला पुश व तेथील क्विलियूट जमात सापडली. ही जमात काल्पनिक नाही. प्रशांत महासागराच्या काठी, क्विलियूट नदीच्या मुखाशी, २०१२ पर्यंत जेमतेम एक चौरस मैल असलेल्या राखीव भूमीवर तिची वस्ती आहे. तिच्या मूळ भाषेशी नाते सांगणारी एकमेव भाषा केव्हाच लोपली. क्विलियूटांच्या उत्पत्तिकथेत क्वाती नावाचा रूपांतर घडविणारा दैवी पुरुष लांडग्यांच्या एका जोडीला मनुष्यरूप देतो आणि त्यांच्यापासून जमातीचा वंश सुरू होतो. या कथेत लांडगा पूर्वज आहे, पूज्य आहे. मायर यांच्या कादंबरीत तोच लांडगा क्रोधाच्या भरात अनावर होणाऱ्या, बहुधा उघड्या अंगाने वावरणाऱ्या तरुणांच्या देहात शिरतो, आणि जमातीच्या पुराणांत मुळीच नसलेले व्हॅम्पायरांशी हाडवैर त्यांच्या माथी ‘प्राचीन दंतकथा’ म्हणून मारले जाते.

या जमातीचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही. १८५५-५६ च्या तहनाम्याने तिचे विस्तीर्ण वनप्रदेश सरकारजमा झाले. १८८२ साली ला पुश येथे सरकारी शाळा निघाली तेव्हा तेथील शिक्षकाने माणसांची मूळ नावे बाजूस सारून त्यांना बायबलमधील व अमेरिकेच्या इतिहासातील नावे दिली. १८८९ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने राखीव भूमी ठरली, आणि त्याच वर्षी गावकरी हॉपच्या तोडणीच्या मजुरीस दूर गेले असता, त्या जमिनीवर दावा सांगणाऱ्या एका गोऱ्या वसाहतवाल्याने त्यांची सव्वीस घरे जाळून टाकली. घरांबरोबर मुखवटे, टोपल्या, शिकारीची हत्यारे, असा पिढ्यानपिढ्यांचा ठेवा भस्मसात झाला. ज्या लोकांकडून प्रथम भूमी, मग नावे, मग वडिलार्जित वस्तू गेल्या, त्यांच्याकडे उरले काय? कथा उरल्या. एकविसाव्या शतकात त्याही कोणी न विचारता उचलल्या, हे त्यांना लागले असेल यात नवल नाही.

न विचारता, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. कादंबरी लिहिताना जमातीची अनुमती घेण्यात आली नव्हती; पुस्तकांच्या व चित्रपटांच्या उत्पन्नात तिला हक्काचा वाटा मिळाला नाही; क्विलियूटांच्या नावाने दागिने, कपडे व शोभेच्या वस्तू दुकानोदुकानी विकल्या गेल्या आणि तो पैसाही भलतीकडेच गेला. मूलनिवासी जमातींच्या कायद्याच्या अभ्यासक अँजेला रायली यांनी २०१० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हा प्रश्न प्रथम मोठ्या वाचकवर्गापुढे मांडला. सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने कादंबरीतील कल्पित आणि क्विलियूटांचे वास्तव शेजारी शेजारी ठेवून दाखविले. सिअ‍ॅटलच्याच कलासंग्रहालयाने त्याच सुमारास क्विलियूट लांडग्यांची खरी कथा सांगणारे प्रदर्शन भरविले. त्यात विधींतील लांडग्याची शिरोभूषणे होती, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ला पुशच्या शाळेतील मुलांनी काढलेली चित्रेही होती.

जमातीचे वर्तन या सर्व प्रकरणात अतिशय संयमाचे राहिले, हे आदराने नमूद केले पाहिजे. ला पुशला लोटणाऱ्या वाचकांना तिने हाकलून दिले नाही. आपल्या समुद्रकाठच्या विश्रामगृहात त्यांना उतरवून घेतले, आपला इतिहास सांगितला, आणि आपली निकडीची अडचणही सांगितली. ही अडचण अशी की, शाळा, कचेरी व अनेक घरे समुद्राच्या इतक्या निकट होती की त्सुनामी आली असती तर पळावयास अवधी उरला नसता. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१२ साली ओबामांच्या स्वाक्षरीने कायदा झाला आणि ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ७८५ एकर जमीन जमातीकडे आली. २०२२ साली उंचावरच्या नव्या शाळेत मुले बसू लागली. घरे आणि इतर इमारती वर नेण्यासाठी जमात देणग्या गोळा करीत आली आहे.

येथे २००८ सालच्या एका घटनेची आठवण द्यावीशी वाटते. एडवर्डच्या दृष्टीतून लिहिल्या जाणाऱ्या ‘मिडनाइट सन’ या अपुऱ्या कादंबरीची बारा प्रकरणे लेखिकेच्या संमतीवाचून बाहेर फुटली. मायर अत्यंत व्यथित झाल्या. लेखक म्हणून आपल्या हक्कांवर हे आक्रमण आहे असे त्यांनी सांगितले आणि लेखन थांबविले. ते पुस्तक पुढे २०२० साली प्रकाशित झाले. त्यांची व्यथा यथार्थ होती. आपली कथा कोणाच्या हाती, कोणत्या रूपात आणि केव्हा जावी हे ठरविण्याचा अधिकार कथा बाळगणाराचा असतो, हे त्या प्रसंगी सर्वांना पटले. मग हाच अधिकार क्विलियूटांना का नसावा? मायर यांनी द्वेषाने काही केले असे मी म्हणत नाही. त्यांना या जमातीविषयी आकर्षण होते आणि तिच्या तरुणांना त्यांनी शूर व प्रेमळ रंगविले. परंतु आकर्षण म्हणजे अनुमती नव्हे.

कायद्याचे उत्तर ठरलेले आहे. लेखनाधिकाराचा कायदा ज्ञात कर्त्याचे, शब्दबद्ध झालेले आणि ठराविक मुदतीचे लेखन ओळखतो. ज्या कथेचा कर्ता अख्खी जमात आहे, जी मुखातून मुखात गेली आणि जिचा आरंभ कोणासच सांगता येत नाही, तिची मालकी त्याच्या दप्तरात नोंदविता येत नाही. आपल्याकडे वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते नावाचे व कलावस्तूचे रक्षण करते. वारल्यांच्या लग्नचौकामागील देवकथेचे नव्हे. जिनीव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत २०२४ च्या मे महिन्यात एक करार संमत झाला, परंतु तोही जैविक संपत्ती व तत्संबंधी पारंपरिक ज्ञानापुरता आहे; लोककथा आणि लोककला यांविषयीच्या वाटाघाटी स्वतंत्रपणे चालूच आहेत.

मात्र कायद्याने हात टेकले म्हणून प्रकाशकाचे व लेखकाचे हात बांधलेले नसतात. क्विलियूटांचे निवडून आलेले मंडळ आहे, त्याची कचेरी आहे, तिथे पत्र पोहोचते. जिवंत जमातीचे नाव कादंबरीत घालण्यापूर्वी त्या मंडळाची लेखी संमती मागणे, पुराणकथेत केलेला फेरफार पुस्तकाच्या प्रारंभीच निखालसपणे सांगणे, आणि नावावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे करारान्वये ठरलेला हिस्सा जमातीच्या खजिन्यात भरणे, यांतील एकाही गोष्टीस नव्या कायद्याची गरज नाही. ‘ट्वायलाइट’च्या नव्या आवृत्त्या अद्याप निघत आहेत, तेव्हा पुढच्या आवृत्तीपासून हा आरंभ करता येईल.