पेशींच्या जगात (भाग ७) : हात बसेपर्यंत

मागच्या भागात आपण क्योटोत होतो. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांच्या यादीतून चार वेचली, ती उंदराच्या शेपटीतल्या पेशींत घातली आणि त्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्या बहुगुणी झाल्या, हे २००६ साली जाहीर केलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं. तो भाग वाचून करमाळ्यातल्या बी.एस्सी.च्या काही मुलामुलींनी विचारलं, की हे स्वतःच्या हाताने करायला शिकायचं तर कुठं जायचं, आणि आठवड्याच्या कार्यशाळेत ते येतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. येत नाही, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. माणसाच्या रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशीत ती चार जनुकं घातल्यापासून उचलण्याजोगी कॉलनी दिसेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. हजार पेशींमागे एखादी वळते, कित्येकदा तीही नाही. मग पाच दिवसांच्या कार्यशाळेत सोमवारी जनुकं घालून शुक्रवारी कॉलनी कशी दाखवायची? त्यासाठी महिनाभर आधी, पंधरवडाभर आधी, आठवडाभर आधी अशा वेगवेगळ्या तारखांच्या प्लेटा लावून ठेवाव्या लागतात. यात लबाडी काही नाही, दुसरा मार्गच नाही. पण त्यामुळे शिकणाऱ्याचा समज असा होतो, की जनुकं घालणं हाच अवघड भाग. तो खरं तर त्यातल्या त्यात सोपा. ती जनुकं पेशीत वाहून नेणाऱ्या सेन्डाई विषाणूचं तयार किट मिळतं. हा विषाणू आरएनएचा. तो पेशीच्या डीएनएत घुसत नाही आणि पेशी विभागत गेल्या की विरळ होत संपतो. किटबरोबर आलेल्या कागदाबरहुकूम वागलं की बरंचसं काम होतं. कसोटी त्यानंतर लागते. तयार झालेल्या पेशी तशाच राहाव्यात म्हणून त्यांना रोजच्या रोज सांभाळायचं असतं.

इथे करमाळ्याच्या मुलांना एक गोष्ट फायद्याची आहे. उजनीच्या पाण्यावर कंदर-वांगी भागात केळी उभ्या राहिल्या, तेव्हापासून ‘जी-नाईन’ची टिश्यू कल्चर रोपं इथल्या घराघरांत माहीत आहेत. ही रोपं जिथं तयार होतात ती प्रयोगशाळा एकदा आतून पाहावी. ऑटोक्लेव्ह, लॅमिनार हूड, स्पिरिटने हात पुसणं, बुरशी दिसली की सरळ बाटली बाजूला काढणं, ही शिस्त आयपीएसच्या लॅबमध्येही तशीच्या तशी लागते. (‘प्रेरित बहुसक्षम मूलपेशी’ एवढं लांब नाव प्रयोगशाळेत कोणी घेत नाही, सगळे ‘आयपीएस’च म्हणतात, आपणही तेच म्हणू.)

फरक मात्र मोठे आहेत. केळीच्या कोंबाला योग्य संप्रेरकं मिळाली की तो आपणहून फुटवे धरतो. गाजराच्या मुळातल्या पेशींपासून अख्खं रोप उभं राहतं, हे फ्रेडरिक स्टीवर्ड यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं. प्राण्याची पेशी एवढी सोशिक नाही. तिचं केंद्रक मागे फिरू शकतं हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावर सिद्ध केलं, पण त्यासाठी त्यांना बेडकाचं अंडं लागलं. अंड्याशिवाय तेच साधायला पुढची ४४ वर्षं गेली, आणि २०१२चं नोबेल गर्डन आणि यामानाका दोघांना मिळून दिलं गेलं. दुसरा फरक शिकणाऱ्याच्या अंगावर येणारा आहे. केळीची बाटली काही आठवडे तशीच रॅकवर राहते. आयपीएसला नेहमीच्या पद्धतीत रोज ताजं मीडिया, म्हणजे पोषक द्रावण, लागतं, रविवारी आणि दिवाळीच्या पाडव्यालाही.

रोजचं काम सुरू होतं ते सूक्ष्मदर्शकापाशी. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमधून प्लेट काढायची आणि हात लावण्याआधी नुसती पाहायची. चांगली कॉलनी चपटी, दाट आणि रेखीव कडेची असते. पेशी लहान, एकमेकींना चिकटलेल्या, केंद्रक मोठं आणि त्याच्या भोवती जागा अगदी थोडी. कड विसकटली, बाहेरच्या पेशी पसरट आणि लांबट दिसू लागल्या, की त्या भरकटायला लागल्या. आता त्या कुठल्या तरी अवयवाच्या वाटेला निघाल्यात. तेवढा भाग पिपेटच्या टोकाने खरवडून काढायचा. नवशिक्याचा हात इथे अडतो. एवढ्या कष्टाने वाढवलेलं टाकायचं कसं, म्हणून तो चार भरकटलेल्या पेशी ठेवतो आणि आठवड्यात अख्खी प्लेट घालवून बसतो.

चार-सहा दिवसांनी प्लेट भरत आली की पासेज करायचा, म्हणजे पेशी सोडवून नव्या प्लेटांत वाटायच्या. कार्यशाळेत मन लावून शिकावं असं काही असेल तर हे. मीडिया काढून ईडीटीएचं पातळ द्रावण घालतात. ते कॅल्शियम बांधून घेतं आणि पेशींची आपसातली पकड ढिली होते. तीन-चार मिनिटांत कॉलनीत पेशींमध्ये बारीक फटी दिसू लागतात, कडा उचलल्यासारख्या वाटतात. नेमक्या त्या क्षणी, पेशी तळाला अजून धरून असतानाच, द्रावण ओढून घ्यायचं आणि मीडियाची धार सोडून त्यांना छोट्या पुंजक्यांत उठवायचं. उशीर झाला तर पेशी द्रावणाबरोबरच वाहून जातात. पिपेट जोरात चालवली तर पुंजके फुटून सुट्या पेशी होतात, आणि माणसाची आयपीएस पेशी एकटी पडली की बहुधा मरते. तिला तगवायला ‘रॉक इनहिबिटर’ नावाचं रसायन घालावं लागतं. घड्याळात किती मिनिटं झाली हे कागदावर लिहिलेलं असतं. फट दिसली की नाही हे मात्र डोळ्यालाच कळावं लागतं. म्हणून याला पुस्तक पुरत नाही.

प्रतिजैविकांबद्दल माझं मत ठाम आहे. शिकताना मीडियात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालू नये. त्याने वाईट हात झाकला जातो. शिवाय मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते. तो नेहमीच्या गाळणीतून निसटतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतही नाही. पीसीआरसारखी चाचणी करूनच त्याला पकडावं लागतं. मायकोप्लाझ्माची नियमित तपासणी न करणाऱ्या लॅबमध्ये शिकायला जाऊ नये.

गुणसूत्रांची तपासणीही तशीच सोडता येत नाही. जास्त दिवस वाढवलेल्या आयपीएसमध्ये जनुकीय बदल शिरतात, आणि जलद वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी चांगल्यांना मागे टाकतात. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जपानात कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने एका वृद्ध बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून केलेल्या आयपीएसमधून घडवलेला दृष्टिपटलाचा थर बसवला. जगातलं असं पहिलं रोपण. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र बदल आढळले आणि ते रोपण थांबवलं गेलं. आपल्याकडच्या ‘स्टेम सेल’ जाहिरातींपुढे हे उदाहरण ठेवून पाहावं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी रोपण सोडलं, तर बाकीचं जवळजवळ सगळं अजून संशोधनातच मोडतं.

आता पहिला प्रश्न, कुठं जायचं. महाराष्ट्रात हे काम नवं नाही. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत माणसाच्या भ्रूणापासून ‘काइंड-वन’ आणि ‘काइंड-टू’ या मूलपेशींच्या दोन लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेता येणारे पेशींचे वंश, तयार झाल्या. आयपीएस नसल्या तरी सांभाळायची रीत तीच. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना पेशींच्या लाइन पुरवणारा साठा तिथेच. दक्षिणेत बंगळूरचं इनस्टेम आणि वेल्लोरचं मूलपेशी केंद्र आहे. पण बी.एस्सी. झाल्या झाल्या आयपीएसच्या मागे लागू नका. आधी हीला किंवा हेकसारख्या, प्रयोगशाळांत सर्रास वाढवल्या जाणाऱ्या टणक पेशींच्या लाइनवर हात बसवा. त्या चुका पोटात घालतात आणि मीडियाही स्वस्त लागतं. दोन-तीन महिने एकही प्लेट न बिघडवता त्या चालवता आल्या, गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता आल्या आणि पुन्हा जिवंत उठवता आल्या, की मग एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अशा संस्थांची दारं ठोठावा.

आणि कार्यशाळेची फी भरण्याआधी फोन करून विचारा, की प्रत्येकाला स्वतःची प्लेट मिळणार का, आणि पासेज आम्ही करायचा की तुम्ही करून दाखवणार? ‘दाखवणार’ असं उत्तर आलं, तर ते पैसे पुण्याच्या एसटीसाठी आणि तिथल्या खोलीच्या भाड्यासाठी राखून ठेवा.

(पुढील भागात : प्लेटमध्ये धडधडणाऱ्या हृदयपेशी)