तीन मिनिटांत प्रबंध

मृग नक्षत्र जवळ आले की धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बियाण्याचा. घरचे सोयाबीन पेरावे की विकत आणावे? सन २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यातून मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या व कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली होती. आदल्या हंगामात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन काढणीच्या वेळी पाऊस झाल्याने पुष्कळ सोयाबीन शेतातच भिजले होते. बियाण्याच्या उगवणशक्तीवर कृषी विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात. परंतु हे प्रबंध बहुधा इंग्रजीत असतात आणि ग्रंथालयाच्या कपाटातून गावच्या पारापर्यंत क्वचितच येतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने सन २००८ मध्ये यावर एक उपाय योजला. त्या प्रांतात तेव्हा दुष्काळ होता. पाणी वाचावे म्हणून लोक स्नानगृहात तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावीत व तेवढ्यात स्नान उरकीत. ते पाहून तेथील प्राध्यापक ॲलन लॉसन यांना सुचले की, संशोधक विद्यार्थ्यालाही एवढाच वेळ द्यावा. चित्र एकच, हाती साहित्य काही नाही, श्रोते सामान्य, आणि तीन मिनिटे उलटली की स्पर्धक बाद! पुढे ही प्रथा अनेक देशांत पसरली. दुष्काळाने बेंबळीकडेही पुष्कळ काही शिकविले आहे, तेव्हा ही कल्पना येथे परकी वाटू नये. महाराष्ट्रात ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलनात कृषी व पशुसंवर्धन हा स्वतंत्र विभाग असतो; तथापि तेथे विद्यार्थ्याला ऐकणारे मुख्यतः परीक्षकच असतात.

समजा, ‘सोयाबीनच्या बीजावरणास होणारी यांत्रिक इजा व तिचा उगवणक्षमतेवरील परिणाम’ असा एखाद्याचा विषय आहे. पारावर बसलेल्या मंडळींना तो असा सांगता येईल: “सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते आणि अंकुर तिच्या अगदी लगत असतो. पोते आपटले, थप्पी उंच रचली किंवा मळणीयंत्र वेगाने फिरविले की अंकुर दुखावतो. दाणा वरून टपोरा दिसतो, पण उगवत नाही. म्हणून पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत आणि गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे. ते ओलसर राखावे व आठवड्याने चांगले कोंब मोजावेत. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. साठच निघाले तर ३५ किलो घ्यावे. त्याहून कमी असल्यास ते बी पेरू नये.”

एवढे सांगण्यास तीन मिनिटेही लागत नाहीत. उरलेल्या वेळात कोणी उगवलेल्या दाण्यांचे गोणपाट उलगडून दाखविले तर फारच उत्तम. क्वीन्सलंडचा साहित्य न आणण्याचा नियम पारावर पाळण्याचे कारण नाही.

मात्र थोडक्यात सांगताना एक धोका संभवतो. प्रबंधातील ‘परंतु’ आणि ‘जर’ हे शब्द आधी गळतात. एका हंगामात, एकाच जमिनीवर घेतलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सर्वत्र लागू असल्यासारखा वाटू लागतो. अशी चूक विद्यार्थ्याकडून उत्साहाच्या भरात होते, आणि तिचे मोल एका पेरणीएवढे असू शकते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने श्रोत्यांतून उठून विचारावे: हा प्रयोग किती हंगाम घेतला? जमीन भारी होती की हलकी? पाऊस किती झाला होता? विद्यार्थ्याने “एकच हंगाम” असे प्रांजळपणे सांगितले, तर शेतकऱ्याने सारे रान त्या पद्धतीखाली आणू नये. दोन-चार ओळींत करून पाहावे.

अशी बैठक वैशाखात ठेवणे सोयीचे असते. तेव्हा बियाण्याची पोती अजून घरातच असतात आणि शंभर दाणे मोजायला सवड मिळते.