तीन फुटांवरून दिसणारी बाग

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही लोक दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर; खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. मी घाटावरची, चिखलीची. शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे पुष्कळ आहे. लोणारचं उल्केच्या आघाताने झालेलं सरोवर आहे, जिजाऊंचं जन्मगाव आहे. पण तीन वर्षांच्या लेकराला लोणारच्या काठावर उभं करून उल्का कशी पडली ते सांगा. ते खाली बसून मुंग्या बघतं. लहान पोरांना घेऊन दिवसभर जायचं कुठे, याला आमच्या जिल्ह्यात बरीच वर्षं एकच उत्तर होतं : शेगावचं आनंदसागर.

त्याआधी या प्रश्नाचं उत्तर जत्रा हे होतं. माझ्या लहानपणी देऊळगावराजाच्या बालाजीची यात्रा म्हणजे आमची वर्षाची मौज. राहाटपाळणा, मौत का कुआ, फुगे, रेवड्या, धूळ. जत्रेत मजा खूप, पण तान्ह्या पोराची आई आणि गुडघे धरून चालणारी आजी यांच्यासाठी तिथे काहीच नसतं. त्या दोघी एका कडेला सामान सांभाळत बसतात आणि बाकीचे फिरून येतात. घरच्या सहलीत कोणीतरी एक जण असा 'बसायला' ठेवलेला असतोच.

अमेरिकेतल्या डिस्नेलँडची गोष्ट इथूनच सुरू होते. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुटीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर आणि बाप बाकावर शेंगा खात बसलेला. आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर आला, असं तो पुढे सांगत असे. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं. डिस्नेला आगगाडीचं इतकं वेड, की त्याने आपल्या घराच्या आवारात छोटी वाफेची गाडी चालवली होती. उद्यानातही सगळ्या परिसराला वळसा घालणारी गाडी त्याने पहिल्या दिवसापासून ठेवली. नुसते पाळणे-घसरगुंड्या असल्या तर ती करमणुकीची बाग. सगळ्या बागेत एक कल्पना खेळवली, कमानीपासून पुतळ्यांपर्यंत सगळं त्या कल्पनेला धरून उभारलं, तर त्याला थीम पार्क म्हणायचं.

या अर्थाने शेगावात उभं राहिलं ते थीम पार्कच. कल्पना मात्र परीकथेची नव्हती, संतांची होती. गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात प्रकट झाले आणि 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थानाने या शतकाच्या पहिल्या दशकात, शिवशंकरभाऊ पाटील कारभार पाहत असताना, गावाला लागून हे उद्यान फुलवलं. दोनशे एकरांहून मोठा परिसर, मध्ये तळं, तळ्यातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीचं ध्यानकेंद्र, तिथे जायला पूल, संतांच्या मूर्ती, मंदिरं, मत्स्यालय, खुलं नाट्यगृह, रंगीत कारंजी, मुलांचे खेळ आणि सगळ्या पोरांचा जीव जिच्यात अडकलेला ती छोटी आगगाडी.

तळं म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या वाचकाला विशेष वाटणार नाही. आमच्याकडे ते नवल आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. प्यायला चालत नाही आणि शेताला दिलं तर जमीन बिघडते. शेगाव या पट्ट्यात येतं. तिथे तळं करायचं म्हणजे पावसाचं पाणी अडवायचं, नाहीतर दुरून आणायचं. उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या मुलखात एवढी झाडं जगवायची, हिरवळ राखायची, याचा हिशेब आम्हाला न सांगता कळतो. आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासूबाई पुलाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, इथं त पाणीच पाणी हाये. पोरायले राहू द्या, मलेच पाहू द्या आधी."

ती 2014 च्या दिवाळीची सुटी. थोरला सात वर्षांचा, धाकटी साडेतीनची, उंची जेमतेम तीन फूट. सोबत सासूबाई, वय सत्तरीच्या आसपास. एस.टी.त धाकटीचं तिकीट नव्हतं, थोरल्याचं अर्धं. अमडापूर, उंद्री करत गाडी घाट उतरून खामगावला आली आणि तिथून शेगाव. दिवाळीनंतरचं ऊन कोवळं, म्हणून हा काळ निवडला होता. उन्हाळ्याच्या सुटीत लहान मुलांना घाटाखाली नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी दहानंतर तिथली फरशी अनवाणी पायाला भाजते, आणि देवळात चपला बाहेरच राहतात.

दिवस ठरवताना पंचांगही पाहावं लागतं. गुरुवार, रविवार, माघातला प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दिवशी शेगावात माणूस माणसाला लागतं. भक्तांना ती गर्दी हवीशी असते, तीन फुटांच्या माणसाला नसते. गर्दीत मोठ्यांना मूर्ती दिसते, धाकटीला फक्त गुडघे आणि पिशव्या दिसतात. म्हणून आम्ही मंगळवार निवडला. रात्री भक्तनिवासात राहिलो, पहाटे दर्शन उरकलं आणि दुपारचं ऊन कलल्यावर आनंदसागर गाठलं.

शेगावात कुठेही गेलं तरी पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी दिसतात. आसपासच्या गावांतली ही माणसं पाळीपाळीने येऊन काही मोबदला न घेता सेवा देतात. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त मास्तर. समोरचा पाच वर्षांचा असो की पंच्याहत्तरचा, ते त्याला 'माऊली' म्हणतात. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'माऊली, रांगेत या' असं म्हटलं, आणि घरी कधी न ऐकणारी ती पोर निमूट रांगेत आली. शिक्षिका म्हणून मी त्याची नोंद घेतली. मोठी माणसं मुलांशी खालच्या पट्टीत, मान देऊन बोलली की अर्धी रडारड होतच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या मुलीने त्या एवढ्या परिसरात काय पाहिलं? भव्य प्रवेशद्वाराकडे तिने मान वर केली नाही. संतांच्या मूर्तींपुढे मी चोखोबा, जनाबाई सांगत होते आणि ती चौथऱ्याच्या पायऱ्या चढत-उतरत होती. मत्स्यालयात मात्र ती खिळली, कारण काच तिच्या डोळ्यांच्या रेषेत होती. कारंजं आवडलं, पण त्याचे रंग नव्हेत, अंगावर उडणारे तुषार. आणि आगगाडी. ती इतकी सावकाश चालायची, की आत बसलेल्याला बाहेर उभ्या असलेल्याला हात करता येई. धाकटीने झाडांनाही हात केला. उतरल्यावर तिने विचारलं, "आता गाडी आपल्या घरी येते का?" थोरल्याने तिला रूळ कुठपर्यंत आहेत ते समजावलं. सासूबाई मला म्हणाल्या, "पुन्हा बसू ना वं. इथं मले चालावं लागत नाही."

त्या गाडीत आजी, आई आणि नात एकाच बाकावर होत्या आणि तिघींनाही मजा आली. मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या उद्यानांत हे क्वचित जमतं. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं, त्यातल्या उंच-उलट्या झुल्यांची चर्चा आमच्या चिखलीपर्यंत आली. पण अशा झुल्यांपाशी उंची मोजायची खूण असते. तिच्या खाली डोकं राहिलं तर प्रवेश नाही. पालकांना हा अन्याय वाटतो, पोरं भोकाड पसरतात. कारण साधं आहे : झुल्यातला दांडा मोठ्या माणसाच्या मांडीवर घट्ट बसेल असा केलेला असतो. लहान शरीर आणि दांडा यांच्यात फट राहते, आणि गाडी वळली किंवा उलटी झाली की मूल त्या फटीतून निसटू शकतं. ओळखीचा कोणी आत काम करत असला तरी ही सूट मागू नये.

गरगरण्याचंही तसंच. आपला तोल कानाच्या आतल्या भागातून कळतो. डोळे एक सांगतात आणि कान दुसरं, तेव्हा मेंदू गोंधळतो आणि मळमळतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त होतो. घाटात एस.टी. वळली की ओकणारं मूल चक्री पाळण्यातही ओकणारच. म्हणून खाणं आधी की खेळ आधी, हे ठरवून ठेवावं. शेगावला उतरलं की कचोरीचा वास नाकात शिरतो. फाळणीनंतर आलेल्या तीर्थराम शर्मांनी 1950 च्या सुमारास रेल्वे स्टेशनाजवळ सुरू केलेली ही कचोरी आता गावाची खूण झाली आहे. मोठ्यांनी तळलेल्या मिरचीसकट खुशाल खावी. पोरांना आम्ही दशम्या आणि दही दिलं, आणि कचोरी परतीच्या वाटेवर ठेवली.

बाकी सांगण्यासारखं थोडंच. आत शिरताच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहावं, मग खेळ. मुलाच्या खिशात आईबापाच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी हवी. साडेतीन वर्षांचं मूल आईचं नाव 'आई' असंच सांगतं. हरवलो तर कुठे थांबायचं, ती जागा मुलाला बोटाने दाखवून ठेवावी. आणि दिवसाकाठी तीन गोष्टी पुरे. आम्ही मासे, गाडी आणि तळं एवढंच ठरवलं होतं. पैसे वसूल करायचे म्हणून जे आईबाप सगळं दाखवायला जातात, त्यांची पोरं पाच वाजता खांद्यावर झोपलेली दिसतात आणि आईबाप एकमेकांशी बोलत नसतात.

मधली काही वर्षं आनंदसागर बंद राहिलं. शिवशंकरभाऊ 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. पुढे अध्यात्म आणि ध्यान यांवर भर देत उद्यानाचा काही भाग पुन्हा उघडला. जुन्या आठवणींच्या भरवशावर पोरांना गाडीचा शब्द देऊन निघू नका. काय सुरू आहे, ते आधी संस्थानात विचारा. संस्थान देवाचं आहे, ध्यानाला जागा देणं हे त्याचं कामच आहे. पोरांच्या गाडीची जबाबदारी कायम देवस्थानावरच टाकणं काही बरोबर नाही.

ती जबाबदारी आपल्या नगरपालिकांची आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आमच्या मेहकर-सिंदखेडराजावरून गाड्या सुसाट जायला लागल्या. आता लेकरांना लांबच्या शहरात नेऊन मोठी उद्यानं दाखवता येतील, असं लोक म्हणतात. ज्यांना परवडतं त्यांनी न्यावं. पण माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे आईबाप सोयाबीन काढणीला जातात. त्यांची सुटी ही अर्ध्या दिवसाची असते, ती एस.टी.च्या टप्प्यात बसली पाहिजे. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावात सावली, वाहतं-दिसतं पाणी, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी बघण्यासारखं आणि सावकाश चालणारी एखादी गाडी, एवढं पुरे आहे. खारपाणपट्ट्यात तळं होऊ शकतं, हे शेगावने दाखवलेलंच आहे.

आमच्याकडे बाग करायची ठरली की आधी कमान, मग पुतळा, मग उद्घाटनाची पाटी, असा क्रम असतो. मला कोणी विचारलं तर मी सांगीन : नकाशा काढण्याआधी साडेतीन वर्षांचं एक पोर आणि सत्तरीची एक बाई सोबत घेऊन ती जमीन एकदा चाला. दोघं जिथे थकतील तिथे बाक टाका, बाकावर सावली करा आणि शेजारी नळ द्या. कमानीचं नंतर बघू.