नेम पोटाचाही असावा



भिवंडीच्या सप्ताहात मी एकदा विचारलं, "चातुर्मासात नेम कोणाकोणाचा आहे?" मंडपातले निम्म्याहून जास्त हात वर झाले. कोणाचा हरिपाठाचा, कोणाचा एकभुक्त राहण्याचा, कोणी कांदा, लसूण, वांगं सोडलेलं. म्हटलं, फार छान. हात वरच ठेवा. आता सांगा, आज दुपारी वेळेवर जेवलं कोण? हात असे भराभर खाली आले! बायामाणसांत चार-दोन राहिले. बाप्यांत एकही नाही. मंडप हसला, मीही हसलो. पण बाबांनो, ती हसण्याची गोष्ट नव्हती. का नव्हती, ते या प्रवचनात सांगायचं आहे.

आपली भिवंडी झोपत नाही. इकडे मागांची खडखड, पाळीवर पाळी. तिकडे अंजूरफाटा, राहनाळ, काल्हेर, मानकोली बघा, जिथं भात पिकायचा तिथं गोदामं उभी आहेत. रात्री दोन वाजता ट्रक लागतो, माल उतरतो, संगणकावर नोंद होते. त्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं? आपलाच माणूस. गळ्यात माळ, खिशात दोन मोबाईल, आणि सकाळी घरून आणलेला डबा तसाच पिशवीत. भूक लागली की वडापाव, झोप आली की कटिंग.

असाच एक माउली आपल्या दिंडीत होता. नाव सांगत नाही, नावाचं काम नाही. वय सेहेचाळीस, गोदामात माल पाठवण्याच्या टेबलावर बारा-बारा तास. वर्षभर सुट्टी साठवायची ती फक्त वारीसाठी. माणूस इतका कामसू, की मीच एकदा कीर्तनात त्याचं कौतुक केलं. म्हणालो, "बघा, दिवसभर अन्नाचा कण न घेता राबतो आणि संध्याकाळी हरिपाठाला उभा राहतो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आज माझ्या कानाला टोचतात, माउली.

त्या वर्षी दिवे घाट चढून आम्ही सासवडला पोचलो. राहुटीत पाय धुवायला बसलो तर शेजारचा म्हणाला, "अहो, तुमच्या मोज्याला रक्त लागलंय." मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट खालून सोलून निघालेलं. आणि तो म्हणतो, "मला तर काहीच दुखत नाही." आम्हाला वाटलं, काय ही भक्ती! देहभान हरपलं! औषधाच्या तंबूतल्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर मोजली, ती तीनशेच्या वर. ते म्हणाले, "ही भक्ती नाही महाराज, ही बधिरता आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या बारीक नसा मरतात. जखम कळत नाही, आणि रक्त नीट पोचत नाही म्हणून ती भरतही नाही." त्याला कधीपासून मधुमेह होता, त्यालाच ठाऊक नव्हतं. सासवडहूनच तो परत गेला. पंढरी राहिली, आणि पुढे ते बोटही गेलं.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, देह तर नाशवंत आहे, संतांनीच सांगितलंय. खरं आहे. पण अर्धं सांगू नका. टाळ वाजवायला हात लागतो, वारी चालायला पाय लागतो, नाम घ्यायला जीभ लागते. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला स्पष्ट सांगितलं आहे, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. जेवण, हिंडणं-फिरणं, काम, झोप, जाग, सगळ्याला माप हवं. इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी हेच मराठीत उलगडून सांगितलं. म्हणजे उपाशी राबणं हे तप नव्हे. ते माप चुकणं आहे. मी ज्याचं कौतुक केलं ते मापाबाहेरचं होतं.

आणि हा एका माणसाचा प्रश्न नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीनं देशभर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. दहा कोटी! दिंडीत तुमच्या पुढे-मागे कोण चालतंय, बघा.

तर करायचं काय? नोकरी तर सोडता येत नाही. परंपरा सांगते, सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. त्यांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला. तसं आपल्याला आपल्या पाळीतच नेम बसवायचा आहे. चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चहाची. हिशेब करा. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. झाले बारा चमचे. चमचा चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. आपली तर जेवायच्या आधीच मर्यादा ओलांडली! एकदम चहा सोडू नका, डोकं धरेल. आधी दोन चमच्यांचा एक करा. मग सहाचे तीन करा. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बायामाणसांनी हे जास्त ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट डब्याची. डबा आपला मोठा असतो, पण उघडून बघा, तीन भाग भात आणि कोपऱ्यात बटाट्याची भाजी. उलटं करा. अर्ध्या डब्यात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात वालाचं बिरडं नाहीतर मुगा-मटकीची उसळ, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोनदा तरी असू द्या, तिच्यात चुना भरपूर, हाडांना लागतो. पावसाळ्यात आपल्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. ती टोपली ओलांडून फरसाणाच्या दुकानात जाऊ नका. आणि जेवताना आधी भाजी-उसळ, मग भात. तेवढ्या क्रमानंसुद्धा रक्तातली साखर हळू चढते.

तिसरी गोष्ट रात्रपाळीची. देवानं शरीराला घड्याळ दिलं आहे. मध्यरात्री पोटात गेलेलं अन्न शरीराला दिवसासारखं पेलत नाही, साखर जास्त वेळ रक्तात राहते. म्हणून पूर्ण जेवण पाळीला जाण्याआधी घरी करा. मधे भूक लागली तर मूठभर फुटाणे, शेंगदाणे, एखादं फळ, ताक. रात्री दोनची बिर्याणी नको आणि दोनचा वडापावही नको. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा बंद. सकाळी घरी आलात की खिडकीला जाड पडदा लावून झोपा. आणि घरच्यांनो, त्या वेळी मिक्सर लावू नका हो! झोप हा त्याच्या औषधाचाच भाग आहे.

इथं मी माझाही कान धरतो. आम्ही कीर्तनकार रात्री अकराला कीर्तन सोडतो, आणि बारा वाजता पंगतीत बुंदी वाढतो. आता मी मंडळांना विनंती करतो, कीर्तन तासभर अलीकडे घ्या, आणि पंगतीत बुंदीच्या आधी वरण-भाजी वाढा. काही मंडळं ऐकतात, काही हसतात. हसू देत.

चौथी गोष्ट चालण्याची. वारीत आपण रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतो, आणि घरी आलो की गल्लीच्या टोकाला जायला रिक्षा! आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं असं वैद्यकशास्त्र सांगतं. दिवसाला पडली वीस-बावीस मिनिटं. हरिपाठ म्हणत वऱ्हाळा तलावाच्या काठानं चाला, नाम आणि चालणं दोन्ही होतं. तेही जमत नसेल तर जेवणानंतर शतपावली घाला. आपल्या आज्यांनी ती उगाच लावली नव्हती. जेवून दहा मिनिटं चाललं तर पायाचे स्नायू साखर उचलतात.

आता एकादशीबद्दल बोललंच पाहिजे. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण आपल्यावरच आहे. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ पिठूळ भाग, त्यात तूप, बटाटा, वर तळलेले पापड. हा उपवास कसला? भगर, राजगिरा, रताळं, काकडी, ताक, फळ, एवढ्यात एकादशी सुंदर होते. पण ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. पोट रिकामं आणि औषध पोटात, अशानं साखर एकदम उतरते. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथल्या तिथे साखरपाणी घ्या. उपवास मोडला म्हणून विठोबा रागावत नाही. तुम्ही पडलात तर त्याला वाईट वाटेल.

हे सगळं ऐकायला सोपं, टिकवायला अवघड. मग टिकतं कसं? लंडनमधल्या एका विद्यापीठानं शहाण्णव माणसांवर पाहिलं. रोज एकाच वेळेला एक छोटी गोष्ट करायची, ती आपसूक व्हायला किती दिवस लागतात? सरासरी सहासष्ट दिवस. कोणाला अठरा पुरले, कोणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकला तरी सवय मोडली नाही. हा अभ्यास २००९ सालचा. आता आपला हिशेब बघा. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासाचे चार महिने, सुमारे एकशेवीस दिवस. आपल्या वाडवडिलांनी सवय लागायला पुरेल एवढा काळ आधीच नेमून ठेवलाय!

म्हणून कांदेनवमीला कांदा सोडताना यंदा आणखी एक नेम धरा. एकच धरा. चार धराल तर आठ दिवसांत पाचही सुटतील. आणि तो रोजच्या एखाद्या कामाच्या खुंटीला टांगा. आंघोळीनंतर गंध लावतो, तसं गंध लावलं की न्याहारी. दुपारचा भोंगा झाला की डबा उघडायचा, मग फोन वाजू दे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी धरायचा. दोन दिवस सलग चुकू द्यायचा नाही, एवढंच व्रत.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, पैसे पडत नाहीत. वारीला निघण्याआधी तर कराच. आपण पताका तपासतो, वीणेची तार तपासतो. मग चालणारे पाय का तपासत नाही? मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय उजेडात बघायचा, आणि अनवाणी चालायचं नाही. देवाला चालतं ते.

आपला तो माउली आज आहे, बरं का. दुपारी एकला डबा उघडतो. सगळं गोदाम त्याला ओळखतं, एक वाजला की त्याला कोणी हाक मारत नाही. पूर्ण वारी आता त्याला झेपत नाही. तो वाखरीला येऊन थांबतो आणि तिथून पंढरीपर्यंत आमच्याबरोबर चालतो, जाड तळव्याचे बूट घालून. मागच्या खेपेला मला म्हणाला, "महाराज, ते कौतुक दहा वर्षं आधी उलटं केलं असतंत तर मी आळंदीपासून चाललो असतो."

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे कीर्तन तुमच्या हाती छापून देतोय. वाचून झालं असेल, आणि जेवायची वेळ झाली असेल, तर पुस्तक मिटा आणि आधी जेवून घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!