शेवटचा येईपर्यंत

मॅरेथॉन हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी फार पूर्वीच घरचा करून टाकला आहे. मंत्रिमंडळाची मॅरेथॉन बैठक होते, पुढाऱ्यांचं मॅरेथॉन भाषण होतं, आणि सोसायटीच्या वर्धापनदिनी पोराटोरांना तीन किलोमीटर पळवलं तरी फलकावर ‘भव्य मॅरेथॉन’ असंच लिहिलेलं असतं. खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१ मध्ये कायम झालं. राजघराण्याच्या सोयीनं ठरलेल्या त्या अंतरापायी जगभरातली साधीसुधी माणसं आजही शेवटचे दोन किलोमीटर पाय ओढत काढतात!

मुळात मात्र ही गोष्ट राजाची नव्हे, शिपायाची. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सनं पर्शियाच्या फौजेला हरवलं आणि विजयाची बातमी घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावला, बातमी सांगून तिथेच कोसळला, ही कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. हेरोडोटसनं लिहिलेली हकीकत वेगळी आहे. त्याचा फायडिपिडीस लढाईआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावला. अंतर सुमारे २४० किलोमीटर! कथा कुठलीही घ्या, धावणारा माणूस फौजेचाच. १८९६ साली पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत स्पिरिडॉन लुई या पाणी वाहणाऱ्या ग्रीक तरुणानं जिंकली. तोही सैन्यात नोकरी करून आलेला होता, आणि शर्यतीच्या आयोजकांत त्याचा जुना लष्करी वरिष्ठच होता.

आपल्याकडची गोष्ट याहून निराळी नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ते सैन्यातले नव्हते. पण स्वातंत्र्यानंतर लांब पल्ल्याचे आपले मोठे धावपटू पाहिले, तर त्यांतले कितीतरी बराकीतून आलेले दिसतात. याचं कारण साधं आहे. खेडेगावातल्या गरीब मुलाला दोन वेळचं पोटभर अन्न, अंगावर कपडे, डोक्यावर छप्पर आणि रोज पहाटे धावायला लावणारा उस्ताद या चार गोष्टी एका ठिकाणी देणारी जागा आपल्या देशात बराच काळ एकच होती.

फाळणीत घरदार गमावलेला मिल्खासिंग भरतीत तीनदा नापास झाला. चौथ्या खेपेस घेतला गेला आणि सिकंदराबादच्या ईएमई केंद्रात पोहोचला. तिथे नव्या रंगरुटांना सक्तीची सहा मैलांची क्रॉसकंट्री धावायची होती. पहिल्या दहांना पुढचं प्रशिक्षण मिळणार होतं. मिल्खासिंग सहावा आला. छावणीतल्या त्या लहानशा शर्यतीत तो अकरावा आला असता तर? बिहारचा शिवनाथसिंग अनवाणी धावायचा. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये अकरावा आला, आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यानं दिलेली २ तास १२ मिनिटांची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एका सेकंदाच्या फरकानं पंचविसावे आणि सव्विसावे आलेले गोपी आणि खेताराम, दोघेही सैन्यातले.

आणि आपला अविनाश साबळे! बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. क्रॉसकंट्री धावायला लागला तो २०१५ मध्ये, सैन्यातच. २०२० मध्ये दिल्लीला त्यानं अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक.

ही झाली मोठी नावं. पण ज्या मातीतून ती उगवतात, ती छावणीतली लहान शर्यत कशी असते, हे मला २०२३ च्या डिसेंबरात अनुभवायला मिळालं. एका छावणीनं आपलं फाटक एका सकाळपुरतं गावकऱ्यांसाठी उघडलं होतं. छावणीचं नाव लिहीत नाही. तिथले नकाशे आणि रस्ते वर्तमानपत्रात यावेत, असं तिथल्या कुणालाच वाटणार नाही.

नावं आधी पंधरा दिवस द्यावी लागली, सोबत आधारची प्रत. फाटकावर मोबाइल काढून घेतले आणि पत्र्याचा बिल्ला हातात दिला. त्यामुळे शहरातल्या शर्यतींत निम्मा वेळ चालतो तो स्वतःचे फोटो काढण्याचा कार्यक्रम आपोआप रद्द झाला. साडेपाच म्हणजे साडेपाच. पाहुण्यांची वाट पाहणं नाही, भाषण नाही, कर्ण्यावरची गाणी नाहीत. एका सुभेदारसाहेबांनी यादी वाचली, प्रत्येकानं हात वर केला. एकशे त्र्याऐंशी माणसं. शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो.

सात किलोमीटरची एक फेरी. हौशी मंडळींना आणि कुटुंबांना एक, आणि एकवीस किलोमीटरवाल्यांना तीन. रस्त्याच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड, झाडांच्या बुंध्यांना गेरू, पाचोळ्याचं एक पान दिसेल तर शपथ. वळणावर एक जवान फेरी मोजायला मनगटात रबरबँड अडकवायचा. पाण्याच्या टेबलावर स्टीलच्या पिंपातून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी वगराळ्यानं पेल्यात मिळत होतं, आणि ‘शाब्बास, दादा’ हे दोन शब्द वर. तरुण जवान सुसाट पुढे निघून गेले. त्यांच्यासाठी यात नवल ते काय? पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन ठरलेल्या वेळात पाच किलोमीटर धावण्याची परीक्षा त्यांना द्यावीच लागते. आम्ही हौसेनं धावत होतो. ते, रोज करतात ते काम आज बिनओझ्यानं करत होते.

कुंपणाच्या आत गोल गोल धावण्याची ही रीत साऱ्या जगातल्या सैन्यांत आहे. २००४ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानातल्या तरिनकोट इथल्या तळावर अमेरिकी सैनिकांनी होनोलुलू मॅरेथॉन धावली. त्यांची डिव्हिजन हवाईची. घरी ती शर्यत व्हायची तेव्हाच ते इकडे धुळीत धावले. २००५ च्या एप्रिलमध्ये इराकमधल्या तल्लिल हवाईतळावर बोस्टन मॅरेथॉन अशीच झाली, आणि बोस्टनच्या आयोजकांनी पदकंही धाडली. बाहेरचा रस्ता धोक्याचा म्हणून बेचाळीस किलोमीटर तळाच्या हद्दीतच पुरे करायचे. वेळेच्या नोंदीपेक्षा त्या माणसांना दुसरंच काही हवं असावं. आज घरी असतो तर जे केलं असतं, ते इथंही केलं, एवढं समाधान.

आमच्या छावणीत तसा धोका नव्हता. पण कुंपण ते कुंपणच, आणि ते कुणाला किती उंच वाटतं, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

फॅमिली क्वार्टरच्या रांगेपाशी एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, छातीवर क्रमांकाचा कागद. मी दम खायला थांबलो तर त्यांनीच ओळखलं.

“बँकेतले साहेब ना तुम्ही? खिडकीच्या आत होता तेव्हा केस काळे होते.”

मग मलाही आठवलं. नव्वदीच्या दशकात त्याच छावणीजवळच्या शाखेत मी होतो. त्यांचे यजमान हवालदार होते, उत्तरेत ड्यूटीवर असताना गेले. फॅमिली पेन्शनचे कागद आमच्या शाखेत आले होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्या यायच्या, कडेवर मूल असायचं. नंतर खातं गावाकडच्या शाखेत गेलं.

“ही आमची क्वार्टर होती,” त्या म्हणाल्या. “नियमानं दिली तेवढी मुदत राहिलो, मग ट्रंक बांधली. त्याला आता तीस वर्षं होतील. तुळस मी लावली होती. ती नाही दिसत, पण कट्टा ठेवलाय त्यांनी.”

“मध्ये कधी आला नाहीत, ताई?”

“कशाला आत सोडतील? फाटकावर काय सांगायचं, कुणाला भेटायचंय म्हणून? आज नातवानं यादीत नाव घातलं म्हणून आले. तो पुढं गेला. भरतीची तयारी करतोय. मी त्याला जा म्हणत नाही, नको पण म्हणत नाही. आजोबांचं तेवढं एक पळणं आलंय त्याच्याकडं.” मग हसून म्हणाल्या, “तुम्ही पळा साहेब. तुमचा टाइम जातोय.”

फौजी कुटुंबाला घर मिळतं ते नेमणुकीपुरतं. तीन वर्षांत बदली, नवी शाळा, नवे शेजारी, आणि तीच ट्रंक. नोकरी संपली, किंवा माणूसच संपला, की फाटक बंद होतं. त्यात कुणाचा दोष नाही. जागा पुढच्याला हवी असते. पण ज्या रस्त्यावर आपला संसार झाला, तो पुन्हा पाहायला छातीवर क्रमांक लावून सात किलोमीटर चालावं लागतं, ही गोष्ट मला त्या दिवशी धावण्याहून मोठी वाटली.

मी आलो तेव्हा घड्याळात २ तास ५२ मिनिटं झाली होती. पहिला जवान माझ्या दीड तास आधी पोहोचून, आंघोळ करून, लंगरात वाढायला उभा होता. खरा कार्यक्रम मात्र अजून व्हायचा होता. सुभेदारसाहेब यादी घेऊन बसले होते. बक्षिसं नाहीत, चहा नाही, काही नाही. आधी गिनती. त्या ताई आपल्या चालीनं कधीच आल्या होत्या. सगळ्यांत शेवटी, सव्वातीन तासांनी, एक लठ्ठसे शिक्षक लंगडत आले. त्यांना टाळ्याही जवानांपेक्षा जास्त मिळाल्या. तरी आकडा भरेना. एकशे ब्याऐंशीच! मोटारसायकलवर एक जवान फेरी मारून आला. एमआय रूममध्ये पाहिलं. कुठे कुणी नाही. शेवटी तो तरुण लंगरात सापडला. पायात गोळा आल्यावर तो मधल्या रस्त्यानं येऊन निवांत पुरी-भाजी खात बसला होता. सुभेदारसाहेब रागावले नाहीत. नावापुढे खूण केली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “गिनती पूरी.”

मला आमची जुनी शाखा आठवली. खतावण्या हातानं लिहायच्या त्या काळात कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. सतरा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत आकडे तपासलेले आहेत. घरचे म्हणत, खिशातून घाला की सतरा पैसे! पण प्रश्न पैशांचा नसतो. हिशेबातून काही सुटलेलं नाही, हे माहीत असण्याचा असतो. आकड्यांच्या बाबतीत मी ते चौतीस वर्षं केलं. माणसांच्या बाबतीत तसं करताना त्या सकाळी पाहिलं. शहरातल्या मोठ्या शर्यतीत ठरलेली वेळ टळली की कमानी उतरवतात, रस्ता मोकळा करतात आणि मागे राहिलेला फुटपाथवरून येतो. हजारोंच्या गर्दीत दुसरं करता येणंही कठीण. लहान शर्यतीला मात्र ही चैन परवडते: ती शेवटच्याची वाट पाहू शकते.

त्या ताईंचा नातू मला फाटकाबाहेर मोबाइल परत घेताना भेटला. बक्षीस नव्हतं, पण वेळ चांगली होती. सोळाशे मीटरला अजून पंधरा सेकंद कमी करायची आहेत, म्हणाला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता अशी पोरं धावताना दिसतात. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा नोकरी चार वर्षांची झाली आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होतील असं ठरलं. तरी पोरांचं धावणं थांबलं नाही. फाटकाच्या आत गेलेल्याची रोज गिनती होते. त्या पंधरा सेकंदांनी बाहेर राहिलेल्यांची यादी कुणाकडे असते? घरच्यांकडे, फार तर. ती पोरं गावी परततात, शेतात किंवा कुणाच्या दुकानात उभी राहतात. त्यांनीही तेवढीच वर्षं, त्याच अंधारात, तेवढंच अंतर कापलेलं असतं.

पहाटे गाडीनं जाताना रस्त्याच्या कडेनं अशी पोरं येताना दिसली, की मी हल्ली दिवे मंद करतो आणि ओळीतलं शेवटचं पोरगं मागे पडेपर्यंत वेग वाढवत नाही.